पीथमपूरच्या गेटवरचा संप महू-नीमच रोडवर केव्हा येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात वेतन करार संपून दीड वर्ष झालं आणि मॅनेजमेंट नुसत्या तारखा देतंय. कमिटीने संपाची नोटीस द्यायचं ठरवलंय, पण तरुण पोरं म्हणतात, नोटीस-बिटीस सोडा, सरळ महू-नीमच रोडवर बसू. विचारणारे दादा कमिटीवर आहेत आणि इंदूरहून रोज कंपनीच्या बसने जातात. शांतपणे सुरू झालेला संप दगडफेकीवर का जातो, लोकांना कोण चेतवतं, आणि आपला संप तिथवर जाऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यांना हवंय.

चेतवणारा कोण, हे शोधत बसू नका. ‘बाहेरच्या लोकांनी भडकवलं’ हे दर वेळी सांगितलं जातं. बाहेरचा माणूस कधीकधी असतोही. पण त्याचं भाषण ऐकायला हजार माणसं उन्हात थांबतात, तेव्हा ती आधीच कशाने तरी तापलेली असतात. संप रस्त्यावर जातो तो बहुतेक वेळा एका कारणाने: ज्याच्याशी बोलून काही होईल असा माणूस समोर उरत नाही. प्लँट हेड म्हणतो हेड ऑफिसला विचारतो, ठेकेदार म्हणतो कंपनीने बिल काढलं नाही, श्रम खातं पुढची तारीख देतं, आणि ज्या नेत्यावर लोकांचा विश्वास आहे तो निलंबित झालेला असतो. अशा वेळी लहानशी गोष्टही पुरते: एखादी शिवी, वेळेवर न आलेला पगार, व्हॉट्सअॅपवरची एक ओळ.

बंगळुरूचं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला. मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८ वर्षांआधी काढता येणार नाही असं ठरलं. कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांसाठी हाच पैसा मुलीच्या लग्नाचा आणि घराच्या डिपॉझिटचा. त्यांना कोणी बोलावून नियम समजावला नाही. १८ आणि १९ एप्रिलला हजारो बायका कारखाने सोडून रस्त्यावर आल्या, हायवे बंद पडला, गाड्या जळल्या. संपाची हाक कोणत्याच युनियनची नव्हती, त्यामुळे पोलिसांना बोलायलाही कोणी सापडेना. १९ तारखेलाच केंद्र सरकारने नियम मागे घेतला. दोन महिने अर्ज-विनंत्यांना दाद नाही आणि दोन दिवसांच्या जाळपोळीनंतर लगेच निर्णय, यातून देशभरच्या कामगारांनी काय शिकायचं ते शिकलं. तुमची पोरं ‘रोडवर बसू’ म्हणतात ती उगाच नाही. रस्ता ऐकला जातो, हे त्यांनी पाहिलंय.

कर्नाटकातच नरसापुरा इथे विस्ट्रॉनच्या मोबाईल कारखान्यात १२ डिसेंबर २०२० च्या पहाटे तोडफोड झाली. पुढे सरकारी पाहणीत जे निघालं ते प्रत्येक कमिटीने आणि प्रत्येक एचआरवाल्याने पाठ करावं. कामगारांची संख्या थोड्या महिन्यांत पाच हजारांवरून दहा हजारांच्या वर गेली, पण हजेरी आणि पगाराचं काम बघणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. हजेरीच्या यंत्रणेत गोंधळ होता, त्यामुळे केलेले तास पगारात दिसत नव्हते. बहुतेक माणसं वेगवेगळ्या ठेकेदारांची, म्हणजे तक्रार घेऊन जायचं कुठे हेच ठरलेलं नाही. नंतर कंपनीने जाहीर माफी मागितली, पण मोडतोड होऊन गेली होती. हजेरीतली चूक त्याच महिन्यात दुरुस्त झाली असती तर ही पाळी आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

पैशाइतकाच अपमान जाळतो. हे आपल्या माळव्यातलंच पाहा. १ जानेवारी २०२४ ला अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ट्रक आणि बस चालकांनी चाकं थांबवली. इंदूरच्या पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा सगळ्यांना आठवत असतील. २ तारखेला शाजापूरला जिल्हाधिकाऱ्यांनी चालकांची बैठक घेतली. बोलावून बसवणं योग्यच होतं. पण एका चालकाला ते सगळ्यांसमोर म्हणाले, तुमची औकात काय? त्यावर चालकाने तिथेच उत्तर दिलं, हीच तर लढाई आहे, की आमची काही औकातच नाही. व्हिडिओ देशभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना हटवलं. तिकडे दिल्लीत २ तारखेच्या रात्रीच गृह खात्याने वाहतूक संघटनेशी बोलून आश्वासन दिलं आणि गाड्या सुटल्या. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं होतं. एकाच आठवड्यात दोन बैठका, एकीने आग वाढवली आणि एकीने विझवली. पहिलीत माणसाचा मान गेला, दुसरीत निर्णय घेऊ शकणारा माणूस समोर बसला होता.

आता लोकांना प्रेरणा कुठून मिळते. पुस्तकी विचार मोठ्या चळवळींना दिशा देतात, पण गेटवरच्या माणसाला हलवतो तो शेजारच्या गेटवरचा करार. १९८१ मध्ये मुंबईचे गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, कारण त्यांनी इतर कारखान्यांत मोठी पगारवाढ मिळवून दिलेली दिसत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख माणसं संपावर गेली. कायद्याने मात्र वाटाघाटीचा हक्क दुसऱ्याच, मान्यताप्राप्त संघाला होता. म्हणजे ज्याच्यामागे कामगार उभे त्याच्याशी मालक बोलायला बांधील नाहीत, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे कामगार नाहीत. संप कधी औपचारिकपणे मिटलाच नाही. त्याच वर्षी १८ ऑगस्टला पोलिसांच्या संघटनेवर बंदी आली, पोलीस आंदोलनात उतरले, गिरणगावातली माणसं त्यांना मिळाली, शहरात जाळपोळ झाली आणि लष्कर बोलवावं लागलं. ज्याने गर्दी आवरायची तोच गर्दीत होता.

इंदूरच्या मिलवाल्यांना हे घोडं कुठे अडलं ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायदा, १९६० मध्ये ‘प्रतिनिधी युनियन’ हीच पद्धत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे तिच्याशीच वाटाघाटी. कोणाकडेच ५१ नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनची परिषद. उरलेल्या ४९ टक्क्यांचं कोणी ऐकलं नाही तर जुनंच दुखणं नव्या नावाने परत येईल. तुमच्या कारखान्यात दुसरा गट असेल तर नोटिशीआधी त्याच्याशी बोला. हजेरीपटावर किती आणि सह्या किती, हे आधी मोजा.

प्रेरणेची दुसरी बाजू केरळातल्या मुन्नारला दिसली. सप्टेंबर २०१५ मध्ये चहामळ्यातल्या बायकांनी बोनस २० वरून १० टक्क्यांवर आला म्हणून काम थांबवलं. स्वतःच्याच युनियनच्या नेत्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. रस्ता त्यांनीही अडवला, नऊ दिवस. तरी जाळपोळ झाली नाही, कारण मागणी एकच आणि आकड्यात होती, बायका एकमेकींना नावाने ओळखत होत्या, आणि सरकार थेट त्यांच्याशी बोलायला बसलं. शेवटी बोनस आणि सानुग्रह मिळून २० टक्के हातात पडले. मागणीपत्रात सतरा कलमं असतील तर पहिली तीन ठळक करा आणि ती रुपयांत लिहा. ‘सन्मानजनक वाढ’ असं लिहिलंत तर प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा तयार होतो, आणि करार झाल्यावरही लोक ‘विकले गेले’ म्हणतात.

आता तुमचं काम. आधी तारखांचा हिशेब करा, कारण बेकायदा ठरलेला संप लवकर भरकटतो. नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करता येत नाही आणि नोटीस ६० दिवसांपर्यंतच चालते. मालकाने पाच दिवसांत ती सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायची असते. समेट अधिकाऱ्याची पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. नोटीस १ तारखेची, पहिली बैठक ८ ला, अधिकाऱ्याने १४ दिवसांत २२ ला अहवाल दिला, तर खरा संप ३० तारखेच्या आसपास. मधे कोणी न्यायाधिकरणात गेलं तर पुन्हा कुलूप, आणि तिथला निकाल लागल्यावरही ६० दिवस. अर्ध्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. बेकायदा संपाला कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही.

माझ्या मते ही वाट फार अरुंद केली आहे. सांगून, नेता ठेवून संप करणाऱ्याला महिनाभर थांबवायचं म्हटलं की लोक न सांगता, नेत्याशिवाय बाहेर पडतात आणि तेच जास्त धोक्याचं. तरीही तुम्ही हीच वाट धरा. कायदेशीर संप चालू असताना नवी भरती करणं ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरते. संप बेकायदा असेल तर हे शस्त्र हातातून जातं.

हा मधला महिना सगळ्यात नाजूक. पोरं रिकामी असतात आणि ‘कमिटी झोपली’ अशी कुजबुज सुरू होते. त्यांना काम द्या: प्रत्येक कामगाराच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओव्हरटाइमचे तास आणि हजेरी मोबाईलवर फोटो काढून एका वहीत उतरवणं. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळाला का, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत जमा झाला का, हे दोन रकाने हवेतच. ही वही समेट अधिकाऱ्यासमोर ठेवली की अर्धा वाद तिथे मिटतो. ठेका कामगारांना यात घ्या, त्यांची स्वतंत्र पानं करा. पीथमपूरसारख्या ठिकाणी बरंचसं काम त्यांच्या हातात असतं. कायम कामगार आपल्या करारासाठी बसले आणि ठेक्याची पोरं विनापगार घरी, तर आठव्या दिवशी तीच पोरं सगळ्यात संतापलेली असतील, आणि त्यांच्यावर तुमचा काही अधिकार नसेल.

परवानगीचं एक खास इथलं आहे. कारखाना धार जिल्ह्यात, माणसं राहायला इंदूर, राऊ आणि महूला. गेटवरच्या धरण्यासाठी धार जिल्ह्यातले एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) आणि पीथमपूरचं ठाणं. श्रमायुक्त कार्यालयावर किंवा रीगलच्या गांधी पुतळ्याशी जायचं तर इंदूरचे पोलीस आयुक्त. जमावबंदीचा आदेश, म्हणजे जुनं १४४ आणि आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, एका जिल्ह्यात असेल आणि दुसऱ्यात नसेल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडे विचारा. अर्जाची पोच घेऊन खिशात ठेवा.

गेटवर दंगा होतो तो बहुतेक पाळी बदलताना, कारण आत जाणारे आणि बाहेर येणारे असे दोन पाळ्यांचे लोक एकाच दहा मीटरमध्ये अडकतात. मागच्यांना पुढे काय चाललंय दिसत नाही, ते ढकलतात. पुढच्यांना मागून रेटा आणि समोर बंद फाटक. सुरक्षारक्षकाने घाबरून काठी उगारली की संपलं. म्हणून सभा गेटला चिकटून नको. ५०-६० मीटर बाजूला, सावली बघून घ्या. मालकाने कोर्टाचा मनाई आदेश आणला असेल, जो शंभर-दोनशे मीटरचा असू शकतो, तर ते अंतर स्वतः मोजून चुन्याची रेघ मारा. सभा वीस मिनिटांची, बोलणारे दोनच, आणि शेवटच्या वाक्यात ‘आता कुठे जायचं’ हे सांगायचं. सभा संपल्यावर काय करायचं हे न कळलेली माणसं तिथेच घुटमळतात आणि तासाभराने तोंडातोंडी सुरू होते.

दर पंचवीस-तीस माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला पट्टी, आणि प्रत्येकाला आपापली माणसं नावाने माहीत. हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला अनंत चतुर्दशीची आठवण करून द्या. इंदूरचे मिल कामगार रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, घेऊन जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, खजूरी बाजार, राजवाडा असे फिरतात. लाखोंची गर्दी, आखाडे, अरुंद बोळ, तरी क्रम आणि वाट ठरलेली असते आणि प्रत्येक झांकीमागे तिची माणसं. मिल बंद पडल्या तरी वर्गणी काढून त्यांनी ही रीत चालू ठेवली. गर्दी जात्याच बेशिस्त असते हे म्हणणं मला मान्य नाही. तिला वाट आखून दिलेली असेल आणि सांभाळणारा तिच्यातलाच असेल तर ती नीट चालते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडदे लावलेली बस येईल. आत नवी माणसं, मागे पोलिसांची गाडी. सर्वांत जास्त संप इथे बिघडतात. बस अडवायची नाही. दोघांनी नंबर, वेळ आणि अंदाजे माणसं लिहून घ्यायची, व्हिडिओ करायचा आणि त्याच दिवशी समेट अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एक दगड म्हणजे काय ते पोरांना आधीच समजावा. न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बेकायदा जमावाने समान उद्देशाने केलेला गुन्हा जमावातल्या प्रत्येकाचा धरला जातो. दंग्याला दोन वर्षांपर्यंत, घातक हत्यार असेल तर पाचपर्यंत कैद. मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्याने नुकसानीची वसुलीही होते. हरयाणातल्या मानेसरला मारुतीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ च्या हिंसेत एक एचआर अधिकारी मेला. त्या खटल्याचा निकाल २०१७ मध्ये लागला: ३१ दोषी, ११७ निर्दोष. निर्दोष सुटलेल्यांपैकी अनेकांची तरुणपणातली वर्षं तुरुंगात गेली.

रात्री गेटवर वीसपेक्षा जास्त माणसं ठेवू नका. ती पाळीपाळीने, दारू प्यायलेला कोणी नाही, आणि त्यात दोन वयस्क असावेत.

अफवेसाठी एकच उपाय चालतो. रोज रात्री आठला एकच निवेदन, दोन ठरलेल्या माणसांच्या सहीचा फोटो, हिंदीत, पाच ओळी. काही घडलं नाही त्या दिवशीही ‘आज बैठक झाली नाही, पुढची अमुक तारखेला’ एवढं लिहायचंच. माहितीची जागा रिकामी राहिली की काय होतं ते पीथमपूरनेच जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा तिथे आला तेव्हा गावाला विश्वासात घेतलेलं नव्हतं. ३ तारखेला बंद, दगडफेक, दोघांनी अंगाला आग लावून घेतली. तीन दिवसांनी उच्च न्यायालयाने सरकारला सहा आठवडे दिले आणि लोकांना माहिती देण्याचं काम मग सुरू झालं.

आणि वाट पाहण्याची ताकद कशातून येते ते इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये दिसतं. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद झाली. २५ डिसेंबर २०२३ ला थकबाकीचे २२४ कोटी सुटले. मधली ३२ वर्षं कामगार जमत राहिले, कोर्टात जात राहिले, कारण प्रत्येकाच्या नावासमोर येणं किती हे लिहिलेलं होतं आणि पुढची तारीख नेहमी होती. इतकी वर्षं लावणाऱ्या व्यवस्थेला मी चांगलं म्हणणार नाही. पैसे बघण्याआधी शेकडो माणसं गेली.

शेवटी करार. पगारवाढीच्या आनंदात दोन कलमं राहून जातात आणि त्यातूनच सहा महिन्यांनी दुसरी फेरी सुरू होते. पहिलं, संपाच्या काळातली निलंबनं, आरोपपत्रं आणि पोलीस तक्रारी यांचं काय, हे नावानिशी. मानेसरलाच २०११ मध्ये तीनदा काम थांबलं आणि ‘चांगल्या वर्तणुकीच्या’ हमीपत्रावर सह्या घेतल्या गेल्या; मनातली आढी तशीच राहिली आणि पुढचं वर्ष सगळ्यांना माहीत आहे. दुसरं, ठेका कामगारांना काय मिळालं आणि ते ठेकेदाराकडून कोण वसूल करून देणार. करार समेट अधिकाऱ्यासमोर सही करून घ्या, म्हणजे तो सह्या न केलेल्यांनाही लागू होतो. त्याची हिंदी प्रत नोटीस बोर्डावर लावा. ठरलेली थकबाकी किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखांना मिळणार हेही त्याच कागदावर असू द्या. पहिला हप्ता जमा होईपर्यंत पगाराची वही बंद करू नका.